जोर कुठे द्यायचा गं?

अगं, इटालियन क्रियापदांपुढे डोकं धरून बसलीस ना? आधी चहा घे. खरं सांगू का, काळ नि प्रत्यय तुला येतात, गाडी अडते ती मोठ्याने वाचताना. मराठीत जोर इकडचा तिकडे गेला तरी अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला ती सवयच नसते. ती लागते गं.

आधी शब्द तोडायला शीक, आणि हे बघ, तो देवनागरीत लिहून तोडू नकोस. 'पार्लो' लिहिलं की आपला डोळा 'पा-र्लो' वाचतो, पण खरे तुकडे 'पार-लो'. र, ल, म, न यांच्यानंतर व्यंजन आलं की तिथेच काप. दुहेरी व्यंजनही मधूनच: 'लेज-जे-रे'. 'स' मात्र हट्टी, तो पुढच्या व्यंजनाला सोडत नाही: 'का-पि-स्को'.

आता जोर. बहुतेकदा तो शेवटून दुसऱ्या तुकड्यावर: 'पार्लारे'त 'ला'वर, 'दोर्मीरे'त 'मी'वर. 'एरे'वाल्यांचा भरवसा नाही. 'वेदेरे'त जोर मधल्या 'दे'वर, पण 'प्रेन्देरे'त पहिल्याच 'प्रेन'वर. तिथे शब्दकोशातली खूण बघायचा आळस करू नकोस.

तुझी खरी धास्ती 'ते बोलतात'वाल्या रूपांची, हो ना? बघ, वर्तमानकाळात 'तो'च्या रूपात जिथे जोर, तिथेच 'ते'च्या रूपात. 'आबिता'त 'आ'वर, म्हणून 'आबितानो'तही 'आ'वरच. 'तेलेफोना'त 'ले'वर, म्हणून 'तेलेफोनानो'तही 'ले'वर, मागे कितीही शेपूट लागो. 'आम्ही' आणि 'तुम्ही'च्या रूपांत मात्र जोर पुढे सरकतो: 'पार्ल्यामो'त 'ल्या'वर, 'पार्लाते'त 'ला'वर.

शेवटच्या स्वरावर जोर असेल तर त्यावर तिरकी रेघ देतात. 'पार्लो' म्हणजे मी बोलते. शेवटच्या 'ओ'वर रेघ आली की तो बोलला. रेघ विसरलीस तर त्याची बडबड तुझ्या नावावर!

आणि एक गोष्ट तुला फुकट मिळाली आहे. 'पार्लेरेमो' भविष्यकाळ, 'पार्लेरेम्मो' संकेतार्थ; फरक एका 'म'चा. मराठी कानाला तो लगेच कळतो.

आज थोडीच क्रियापदं घे, 'तो' आणि 'ते' अशा जोडीने म्हण, जोराच्या जागी टेबलावर टिचकी मार. मी अजून तसंच करते, घरातले हसतात. हसू देत. पुढच्या आठवड्यात मला फोन करून 'तेलेफोनानो' म्हणून दाखव.