ससा आणि 'सशाचा'

प्रश्न : माझी नात साडेतीन वर्षांची आहे, इंग्रजी माध्यमाच्या शिशुवर्गात जाते. एबीसीडीची यमकातली चित्रपुस्तकं तिला तोंडपाठ आहेत. मराठी अंकलिपी उघडली की मात्र 'अ अननसाचा, आ आईचा' करत दोन पानांत कंटाळते. मराठी मुळाक्षरांना यमकाचं एवढं वावडं का? तिच्यासाठी काय करावं?
— एक आजी, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : आजी, मराठीला यमकाचं वावडं मुळीच नाही. आपली सगळी बडबडगीतं यमकावर उभी आहेत. विंदा करंदीकरांनी १९६१ च्या 'राणीची बाग'पासून मुलांसाठी जे लिहिलं, त्यातही यमकाची चंगळ आहे. गाडी अडते ती मुळाक्षरांपाशी, कारण अक्षर ओळखायचं शब्दाच्या सुरुवातीला आणि यमक जुळतं शब्दाच्या शेवटी.

इंग्रजीला अशा पुस्तकांची गरज जुनी आहे. तिथे अक्षराचं नाव एक आणि उच्चार दुसरा. 'डब्ल्यू' म्हणायचं आणि 'व' वाचायचं! शिवाय अक्षरांच्या क्रमाला उच्चाराचा काही आधार नाही, त्यामुळे ती सव्वीस नावं लक्षात राहायला ठेका लागतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये निघालेल्या 'न्यू इंग्लंड प्रायमर'मध्ये अक्षरागणिक चित्र आणि यमक जुळवलेल्या ओळी होत्या. डॉ. सूस यांचं १९६३ चं एबीसीचं पुस्तकही त्याच वाटेवरचं. आपल्याकडे 'क'चं नाव क आणि उच्चारही क. वर्णमाला कंठापासून ओठांपर्यंत उच्चाराच्या जागांप्रमाणे लावलेली आहे, ती नुसती म्हटली तरी तालात येते. आणि बाराखडी आडवी न म्हणता उभी म्हणून पाहा : का, खा, गा, घा, की, खी, गी, घी. आपल्या मुळाक्षरांचं यमक तिथे आधीपासून आहे.

तरीही नातीचा कंटाळा मला रास्त वाटतो. अंकलिपीतली प्रत्येक ओळ 'चा'वर संपते. सगळ्याच ओळींचा शेवट एक असला, की त्यातून कानाला नवं काही मिळत नाही. दुसरी अडचण मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. 'चा' लागला की शब्दाचं रूप बदलतं. चित्रात झबलं, कानावर 'झबल्याचा'. चित्रात ससा, कानावर 'सशाचा'. म्हणजे 'स' शिकवायला घेतलेल्या शब्दातलाच एक 'स' पळून 'श' झाला! घरात दिवसभर मराठी ऐकणारं मूल हे सहज सोडवतं. अर्धा दिवस इंग्रजीत घालवणाऱ्या मुलाला ते जड जातं. त्यात चित्रं खटाऱ्याची, ऐरणीची, औताची. डोंबिवलीच्या इमारतीत वाढणाऱ्या मुलीने ती कधी पाहायची?

यमकाचा खरा उपयोग वेगळाच आहे. गाडी, साडी, माडी, वाडी, झाडी. शेवट तोच राहतो आणि फक्त पहिलं अक्षर बदलतं, म्हणून ते पहिलं अक्षरच कानात भरतं. ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी १९८३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिहिलं होतं की चार-पाच वर्षांच्या वयात ज्या मुलांना शब्दांतले सारखे ध्वनी वेगळे काढता येतात, ती पुढे वाचनात सरस ठरतात. तेव्हा पुस्तक निवडताना असे जुळे शब्द एकत्र आले आहेत का ते बघा. नुसतं शेवटाला शेवट जुळवलेलं पुस्तक गायला छान, पण अक्षर शिकवायला तेवढं कामाचं नाही.

दोन अक्षरं मात्र अशी आहेत, की यमक जणू त्यांच्यासाठीच आहे : ण आणि ळ. यांच्यापासून मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून अंकलिपीला 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा' करून वेळ मारून न्यावी लागते. पण बाण, खाण, वाण किंवा बाळ, गाळ, माळ, टाळ असे शब्द जोडले, तर यमकाची जागा आणि अक्षराची जागा एकच होते. माझ्या या साध्या ओळी पाहा :

खाडीकाठी गाळ,
गाळात खेळे बाळ,
आईची ओढी माळ.

ताल धरून म्हटल्यावर 'ळ' वेगळा शिकवावा लागत नाही. 'डोळा, गोळा, पोळा' घेऊन आजीला असं पान संध्याकाळी सहज रचता येईल.

अशी रचना घरची का असावी, याचं उत्तर आपल्याच परिसरात आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं. अनुताई वाघ त्यांच्या बरोबरीने झटल्या. हा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. त्यांनी महागडी साधनं बाजूला ठेवून आसपासच्या वस्तूंतून, पानाफुलांतून, बियाखड्यांतून शिकवलं, कारण मुलाला जे ओळखीचं त्यातूनच ते पुढे जातं. तुमच्या नातीच्या ओळखीचं काय? लोकल, रिक्षा, जिना, पूल, वडापावची गाडी. चित्रं त्यांचीच काढा. 'वडा, घडा, कडा' हे पान तिला रुचेल, आणि घडा कसा असतो हे सांगायला तुम्ही आहातच.

विकत घ्यायचं तर माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं जरूर पाहा. 'राधाचं घर' अंकलिपी नाही, पण त्यातली भाषा नातीच्या कानाला सरावाची वाटेल. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रगोष्टी मोफत वाचता येतात. शिवाय आपल्याकडे जुनी वाचनालयं आहेत : कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. मुलांच्या पुस्तकांची तिथे आवर्जून चौकशी करा. नातीला सोबत न्या आणि तिला स्वतः पुस्तक निवडू द्या.

भिंतीवरचा तक्ता घेणार असाल तर दोन गोष्टी तपासा. बाजारात हिंदीवरून उचललेले तक्ते पुष्कळ असतात. त्यांत 'ळ' नसतो किंवा शेवटी कसाबसा चिकटवलेला असतो. 'ल' आणि 'श' कसे काढले आहेत तेही बघा. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ठरवून दिला आहे. आणि 'च'साठी चाक आणि चंद्र अशी दोन्ही चित्रं असतील, तर तो तक्ता बिनधास्त घ्या. मराठीत या एका अक्षराचे दोन उच्चार आहेत आणि नातीने दोन्ही ऐकायला हवेत.