हार संघाची, वैफल्य समर्थकाचे

इंग्रजीतल्या ‘फ्रस्ट्रेशन’साठी आपण मराठीत ‘वैफल्य’ म्हणतो. भाषांतराची सेवा करताना हा शब्द वारंवार समोर येतो आणि प्रत्येक वेळी एक गोष्ट जाणवते: या शब्दाच्या पोटातच ‘फळ’ आहे. जे हवे होते ते फळ हाती आले नाही, ही ती अवस्था. दुःख वेगळे. घरातले माणूस गेले तर दुःख होते, त्याला कोणी वैफल्य म्हणत नाही. वैफल्य यायला मनाने आधीच काहीतरी आपल्या खात्यावर जमा धरलेले असावे लागते.

या स्वाध्यायात हे वैफल्य आपण एका साध्या ठिकाणी पाहणार आहोत: आपला फुटबॉल संघ सलग हरत असताना. काही साधकांना विषय किरकोळ वाटेल. परंतु नोकरीतले किंवा घरातले वैफल्य तपासायला घेतले की पगार, प्रकृती, मुलांचे भवितव्य अशी खरीखुरी कारणे मध्ये येतात आणि मन त्यांच्याआड लपते. संघ हरला म्हणून समर्थकाच्या पगारातून काही कापले जात नाही, त्याच्या घरातले कोणी आजारी पडत नाही. तरीही त्याला रात्री जेवण जात नाही. म्हणजे इथे मन जवळजवळ एकटेच सापडते, आणि म्हणून पाहायला सोपे जाते.

सहा सामने

कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबचा २०२४-२५ चा हंगाम घेऊ. जानेवारी २०२४ मध्ये या संघाने भुवनेश्वरला ओडिशा एफसीला ३-२ असे हरवून सुपर कप जिंकला होता. राष्ट्रीय पातळीवरचा चषक बारा वर्षांनी हाती आला, म्हणून कोलकात्यात मोठा जल्लोष झाला. प्रशिक्षक होते स्पेनचे कार्लेस क्वाद्रात. सप्टेंबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा समर्थकांनी या वर्षाची आशा बांधलेली होती.

बेंगळुरूत ०-१. कोचीत केरळ ब्लास्टर्सविरुद्ध आधी गोल करूनही १-२. घरच्या मैदानावर एफसी गोवाविरुद्ध २-३, आणि गोव्याचे तिन्ही गोल बोर्जा हेरेराने केलेले, जो आदल्याच हंगामात ईस्ट बंगालच्या लाल-सोनेरी जर्सीत खेळला होता. जमशेदपूरला ०-२. मोहन बागानविरुद्ध ०-२. ओडिशाविरुद्ध १-२. सहा सामने, सहा पराभव, केलेले गोल ४, स्वीकारलेले १२, गुण शून्य.

माझ्या वसतिगृहाच्या खोलीत त्या वर्षी कोलकात्याचा एक मुलगा होता, त्यामुळे ही मालिका मला जवळून पाहायला मिळाली. पहिल्या पराभवानंतर तो फारसा बोलला नाही, हंगाम मोठा आहे एवढेच म्हणाला. दुसऱ्यानंतर बचावफळीला दोष दिला. तिसऱ्यानंतर दोष प्रशिक्षकाकडे गेला. चौथ्यानंतर त्याने वहीच्या मागच्या पानावर उरलेल्या सामन्यांचे गुण मांडले आणि अजून किती जिंकले तर पहिल्या सहांत येता येईल याचे गणित केले. पाचवा सामना मोहन बागानशी होता, तो हरल्यावर तो मेसमध्ये आलाच नाही, कारण वर्गात मोहन बागानचे दोघे होते. सहाव्यानंतर मात्र तो स्वतःच आपल्या संघावर विनोद करू लागला.

वरवर पाहणाऱ्याला वाटले असते की हा आता सावरला. पण तो विनोद नीट ऐकला पाहिजे. आपला अपमान आपणच आधी करून घेतला की दुसऱ्याने केलेला कमी लागतो, एवढीच त्यातली सोय होती. राग आत तसाच होता, फक्त त्याने कपडे बदलले होते. साधकाने रागाच्या या बदलत्या वेषांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ओरडणारा राग ओळखू येतो, हसणारा येत नाही.

आणि दोषाचे काय झाले? तिसऱ्या पराभवानंतर, ३० सप्टेंबरला, क्वाद्रात यांनी पद सोडले. ज्याच्यामुळे सगळे बिघडले असे म्हटले जात होते तो माणूस निघून गेला. पुढचे तीनही सामने संघ हरला. प्रशिक्षकाची चूक नव्हती असे मला म्हणायचे नाही, तो निर्णय फुटबॉल जाणणाऱ्यांनी करावा. इतकेच दिसते की दोषी सापडला, गेलाही, तरी खोलीतले वैफल्य गेले नाही. ते त्या माणसाच्या मागे गेले नाही, कारण ते त्याचे नव्हतेच.

‘आम्ही’ आणि ‘ते’

रॉबर्ट सियाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९७६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा संघ (तिकडचे फुटबॉल वेगळे, पण मन तेच) जिंकल्यावर सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. निकालाबद्दल विचारले तर जिंकलेल्या सामन्याविषयी ते ‘आम्ही जिंकलो’ म्हणत. हरलेल्या सामन्याविषयी बोलताना हा ‘आम्ही’ कमी होई आणि ‘ते हरले’ येई.

हे वाचून हसू येते, कारण आपण सगळे असेच बोलतो. पण खरा निष्ठावंत समर्थक इतका सहज ‘ते’वर जाऊ शकत नाही आणि तिथेच त्याची कुतरओढ होते. माझा सोबती एका दमात म्हणायचा, “आम्ही अजून किती सहन करायचे? यांना खेळायचेच नाही!” सोसणारे आम्ही, करणारे ते. संघाशी एकरूपही व्हायचे आणि संघावर खटलाही भरायचा, ही दोन्ही कामे तो एका वाक्यात करत होता. मन दमते ते या दुहेरी कामाने.

अशा वेळी सत्संगातली मंडळी पटकन सांगतात, “अरे, खेळच तो, सोडून दे.” हा उपदेश मला पटत नाही. ईस्ट बंगाल क्लब १ ऑगस्ट १९२० रोजी स्थापन झाला तो कोलकात्यात राहणाऱ्या पूर्व बंगालच्या लोकांना आपले म्हणता येईल असा संघ हवा म्हणून. १९४७ च्या फाळणीनंतर लाखो माणसे घरदार, शेत, नदी मागे टाकून या शहरात आली. ज्या भूमीचे नाव नकाशावरून बदलले ते नाव एका फुटबॉल संघाच्या जर्सीवर शिल्लक होते. तो संघ जिंकला की घरात हिल्सा मासा आणायचा आणि मोहन बागान जिंकला की त्यांच्या घरी कोळंबी, अशी रीतच पडली. माझ्या सोबत्याचे आजोबा अशाच एका कुटुंबातले. नातवाला ‘खेळच तो’ म्हणणे म्हणजे आजोबांच्या साऱ्या आयुष्याला क्षुल्लक म्हणणे. ज्याचे प्रेम खोटे नाही त्याला प्रेम सोडायला सांगून वैराग्य येत नाही, फार तर कोरडेपणा येतो.

मग प्रश्न प्रेमाचा नसेल तर कशाचा?

कर्म कोणाचे, फळ कोणाला

कर्म करावे, फळाची आशा धरू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. समर्थकाच्या बाबतीत मात्र हे उपदेशाचे वाक्य विचित्र अडचणीत येते. मैदानावर धावतात अकरा जण. सराव त्यांचा, दुखापती त्यांच्या, चूकही त्यांची. समर्थक गॅलरीत किंवा पडद्यासमोर बसलेला असतो. त्याला कर्म न करताच फळ हवे असते, आणि ज्या कर्मावर आपला काडीचा ताबा नाही त्याच्या फळावर हक्क सांगितला की वैफल्य ठरलेलेच.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, म्हणून मला हे हिशेबाच्या भाषेत सुचते. हिशेबलेखनाच्या पहिल्या काही तासांतच शिकवतात की धंद्याचे खाते वेगळे आणि मालकाचे वेगळे. मालकाने घरखर्च धंद्याच्या वहीत लिहिला की दोन्हीकडचा हिशेब चुकतो. समर्थक तर मालकही नाही. तरी तो संघाच्या खात्यातले सगळे नुकसान स्वतःच्या नावे लिहून घेतो. गोल, गुण, खेळाडूंची निवड, पंचांचा निर्णय हे सारे संघाच्या वहीतले. त्याच्या स्वतःच्या वहीत काय येते? सामन्याला जाणे. पाऊस असला तरी जाणे. शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबणे. चुकलेल्या खेळाडूविषयी तोंडातून काय निघाले ते. घरी परतल्यावर आईने निकाल विचारला तेव्हा दिलेले उत्तर, आणि आपटलेले किंवा न आपटलेले दार.

ही यादी छोटी दिसते, पण दोन्ही वह्या एकत्र झाल्या की काय घडते हे कोलकात्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९७५ ला आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० ने हरवले. त्यानंतर मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने जीव दिला. पुढल्या जन्मी मोहन बागानचा खेळाडू होऊन याची परतफेड करीन, अशा अर्थाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली होती. त्याला कर्म करायचे होते, ते या जन्मी हातात नव्हते, आणि फळ मात्र याच जन्मी असह्य झाले. (हे वाचताना कोणाला स्वतःविषयी किंवा जवळच्या कोणाविषयी काळजी वाटली तर एकट्याने ध्यान करत बसू नये, माणसाशी बोलावे. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.) १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांमध्ये हाणामारी आणि चेंगराचेंगरी झाली. सामना पाहायला गेलेले १६ जण घरी परतले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आजही कोलकात्यात फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळतात आणि रक्तदान करतात.

दुसरी बाजूही त्याच शहराने दाखवली आहे. १८ ऑगस्ट २०२४ ला ड्युरंड चषकातला ईस्ट बंगाल-मोहन बागान सामना रद्द झाला. आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या हत्येमुळे शहर पेटलेले होते. सामना नसतानाही दोन्ही संघांचे समर्थक, त्यांच्यासोबत मोहम्मडन स्पोर्टिंगचेही, सॉल्ट लेकच्या स्टेडियमबाहेर जमले आणि त्यांनी एका आवाजात न्याय मागितला. त्या दिवशी निकाल नव्हता, गुणतक्ता नव्हता. निष्ठा होतीच, जर्सी होत्याच, पण एकमेकांवरचा राग नव्हता. म्हणजे निष्ठा आणि राग ही जोडी अटळ नाही.

शून्य-शून्य

सहा पराभवांनंतर संघ भूतानला एएफसी चॅलेंज लीग खेळायला गेला आणि तिथे दोन सामने जिंकून आला. पण सोबत्याच्या चेहऱ्यावर खरा बदल मी पाहिला तो त्यानंतर, ९ नोव्हेंबरला. मोहम्मडन स्पोर्टिंगविरुद्ध पहिल्या अर्ध्या तासातच ईस्ट बंगालच्या दोघांना लाल कार्ड मिळाले. उरलेला तासभर नऊ जण अकरांविरुद्ध खेळले आणि एकही गोल होऊ दिला नाही. सामना ०-० सुटला. हंगामातला पहिला गुण.

कागदावर पाहिले तर सात सामन्यांत एक गुण, म्हणजे रडण्यासारखीच स्थिती. पण त्या रात्री तो मेसमध्ये आला, मोहन बागानवाल्यांच्या शेजारी बसला आणि दोनदा भात घेतला. गणिताची वही त्याने उघडली नाही. त्या तासाभरात जिंकण्याची आशा कोणालाच नव्हती, त्यामुळे फळ मागायला काही उरलेच नव्हते, आणि म्हणूनच कदाचित वर्षात पहिल्यांदा त्याने त्या नऊ जणांचा खेळ पाहिला. पुढचा सामना, नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्धचा, संघ १-० ने जिंकला. हंगामाच्या शेवटी मात्र संघ नववाच राहिला.

आठवड्याचा अभ्यास

ज्यांचा एखादा संघ आहे त्यांनी पुढच्या सामन्याआधी वहीचे एक पान मधोमध रेघ मारून दोन भागांत करावे. डावीकडे संघाचे, उजवीकडे माझे. सामना संपल्यावर लगेच फोन न उघडता आधी उजवी बाजू लिहावी. काही लिहिण्यासारखे नसेल तर तेही लिहावे. सामना चालू असताना संघाने गोल स्वीकारला त्या क्षणी शरीरात काय झाले, जबडा आवळला का, श्वास कुठे थांबला, एवढे पाहिले तरी पुरे, तिथे मनाला शांत करण्याचा खटाटोप नको. आणि एक दिवस संघाविषयी बोलताना ‘आम्ही’ व ‘यांनी’ हे दोन्ही शब्द टाळून पाहावेत. हे वाटते त्यापेक्षा अवघड आहे.

ज्यांना फुटबॉलशी देणेघेणे नाही त्यांनी संघाच्या जागी मुलाची परीक्षा घालून हाच अभ्यास करावा. तिथे रेघ इतकी सरळ येणार नाही. मुलाच्या अभ्यासात आईवडिलांचे काही कर्म खरोखरच असते, गॅलरीतल्या समर्थकासारखी त्यांची बाजू जवळपास कोरी नसते. मग गुणपत्रिकेतला किती भाग डावीकडे जातो आणि किती उजवीकडे, हे ठरवताना घरात मतभेद होतील. ते पान घेऊनच गटाच्या बैठकीला यावे.