जुनी बस घेण्यापूर्वी : रंगाखालचा सांगाडा कसा तपासावा?



शाळेसाठी बस घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न किमतीचा येतो, आणि तो यायलाच हवा. नवी बस प्रत्येक संस्थेला परवडतेच असे नाही. उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली या भागांतून येणाऱ्या कित्येक मुलांचे आई-वडील लूम, एम्ब्रॉयडरी आणि साडीच्या धंद्यात राबतात. बसची फी शंभर रुपयांनी वाढली तरी त्यांना महिन्याचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. म्हणून जुनी डिझेल बस घेण्यात काहीच गैर नाही. मात्र नुसता रंग पाहून बस घेणे नक्कीच गैर आहे.

इंजिन बिघडले तर दुरुस्त होते, टायर झिजले तर बदलता येतात. पण अपघाताच्या क्षणी मुलांना वाचवतो तो रंगाखालचा लोखंडी सांगाडा. तो कुजलेला किंवा वाकलेला असेल तर पैसे ओतूनही पूर्ववत होणे कठीण. हा सांगाडा कसा पाहायचा, हे या पाठात शिकू. त्यासाठी लागणारी साधने साधी आहेत : बॅटरी, लोहचुंबक, मोजपट्टी, छोटी हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर आणि पाण्याचा पाइप.

बस म्हणजे दोन वस्तू

आपल्याकडे पुष्कळशा बसेस दोन ठिकाणी तयार होतात. वाहन कंपनी चासी बनवते. चासी म्हणजे दोन लांब लोखंडी पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे मेंबर आणि त्यावर बसवलेले इंजिन, गिअर, स्टिअरिंग, चाके. त्यावर बॉडी बांधणारा कारखाना वेगळा असू शकतो. महाराष्ट्र एस.टी.च्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांनी, तसेच गुजरात एस.टी.च्या नरोडा येथील कार्यशाळेने वर्षानुवर्षे अशाच बॉड्या बांधल्या आहेत. सुरतेहून नंदुरबार-धुळ्याला आपण ज्या बसने गेलो, तिची चासी एकीकडची आणि बॉडी दुसरीकडची असण्याचा संभव पुष्कळ.

म्हणून "कंपनी कोणती?" एवढे विचारून भागत नाही. "बॉडी कोणी बांधली, केव्हा बांधली, आणि ती पुन्हा बांधलेली आहे का?" हे विचारावे. बसच्या बांधणीसाठी आपल्या देशात ए.आय.एस. ०५२ हे मानक आहे, आणि शाळेच्या बससाठी ए.आय.एस. ०६३ हे वेगळे मानक आहे. बॉडी बांधणाऱ्याचे नाव आणि मंजुरीचा कागद विक्रेत्याकडे मागावा.

चासी : बसचा कणा

बस गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या बसखाली कोणीही जाऊ नये, आणि विद्यार्थ्यांनी तर बसखाली मुळीच जाऊ नये. खाली पाहण्याचे काम जाणत्या मेकॅनिकचे. पण काय पाहायचे हे आपल्याला माहीत असावे.

चासीच्या लांब पट्ट्या आणि आडवे मेंबर कारखान्यात बहुधा रिव्हेट किंवा बोल्टने जोडलेले असतात. मधेच वेल्डिंगची जाड रेघ किंवा वरून ठोकलेली पट्टी दिसली तर थांबावे. तेथे चासी तडकली असेल किंवा कापून लांब केली असेल. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे पोलाद कमकुवत होऊ शकते, आणि पुढची तडा बहुधा तेथूनच जाते. स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट, स्टिअरिंग बॉक्स आणि इंजिनचे माउंटिंग जेथे बसवले आहे, तेथे बॅटरी लावून तडा शोधावी. ताजा काळा रंग फक्त चासीलाच फासलेला असेल तर तो खरवडून पाहू देण्याची मागणी करावी.

मग मोजपट्टी घ्यावी. चाके सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजावे. दोन्ही अंतरे सारखी हवीत. ठळक फरक निघाला तर आस सरकला आहे किंवा चासी वाकली आहे. अशी बस रस्त्यावर किंचित तिरकी चालते आणि टायर एका बाजूने खाते.

मागच्या आसापलीकडे बॉडी किती बाहेर जाते हेही मोजावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार हा भाग दोन आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. दोन-चार सीट वाढवण्याच्या लोभाने मागचा भाग लांबवला, तर पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि स्टिअरिंगचा भरवसा कमी होतो.

पत्रा आणि गंज

लोखंडाला गंज लागण्यासाठी हवेतला प्राणवायू आणि पाणी लागते. मीठ असेल तर गंज झपाट्याने वाढतो. सुरतेला हा धडा पुस्तकात शोधायला नको. हजिरा आणि डुमसची खारी हवा येथे आहे, पावसाळा आहे आणि पूरही आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. जून २०२५ मध्येही खाड्यांचे पाणी अनेक वस्त्यांत शिरले. अशा पाण्यात उभी राहिलेली वाहने पुढे धुऊन, रंगवून बाजारात येऊ शकतात.

पुराचे पाणी चढले होते का, हे लपलेल्या जागा सांगतात. सीटच्या पायांचे नट, डॅशबोर्डच्या मागची बाजू, दिव्यांच्या काचेची आतली कड आणि फ्लोअरच्या मॅटखालचे कोपरे पाहावेत. तेथे एका रेषेत वाळलेला चिखल किंवा एकाच उंचीपर्यंत गंज असेल तर उत्तर मिळालेच.

गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट मोठे असते. म्हणून आतून गंजलेल्या पत्र्यावरचा रंग फुगतो. हे फुगवटे चाकांच्या वरच्या कमानीत, दाराच्या पायरीखाली आणि खिडक्यांच्या खालच्या कडेला आधी दिसतात. पत्रा लोखंडी असेल तर चुंबक फिरवून पाहावे. जेथे चुंबक नीट चिकटत नाही तेथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर असतो. बोटांनी टकटक केले की चांगला पत्रा खणखणतो, पुट्टीचा भाग ठस्स वाजतो.

अॅल्युमिनियमच्या पत्र्याला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे तेथे ही परीक्षा चालत नाही. पण लोखंडी सांगाड्यावर अॅल्युमिनियम बसवले असेल तर जोडावर पांढरी भुकटी शोधावी. दोन वेगळे धातू खारट ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की अॅल्युमिनियम झिजू लागते आणि रिव्हेट सैल होतात.

खांब आणि टप : येथे भूमिती कामास येते

बस उलटली तर टपाचा भार खिडक्यांमधले खांब पेलतात. पूर्वी उलटलेली बस ठोकून सरळ केलेली असू शकते. ती ओळखायला सातवी-आठवीची भूमिती पुरते. आयताचे दोन्ही कर्ण समान असतात. मधल्या एखाद्या आयताकृती खिडकीचे दोन्ही कर्ण मोजावेत. फरक आढळला तर चौकट तिरकी झाली आहे, म्हणजे खांब हलले आहेत. तीन-चार खिडक्यांत एकाच दिशेने फरक आला तर संशयाला जागा राहत नाही.

दार बंद करून त्याच्या कडेची फट पाहावी. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वरच्या पॅनेलचा एखादा तुकडा काढायला लावून आतले टपाचे कमानी पाइप पाहावेत. तेथे नवे-जुने पाइप सांधलेले दिसले तर दुरुस्ती कशाची होती, हे विचारावे.

सर्व खिडक्या बंद करून टपावर पंधरा मिनिटे पाइपने पाणी सोडावे आणि आत बसून पाहावे. गळती ही केवळ मुले भिजण्याची बाब नाही. टपातून झिरपणारे पाणी खांबांच्या पोकळीत उतरते आणि ते आतून कुजवते.

फ्लोअर आणि सीट

अनेक बसेसच्या फ्लोअरला प्लायवूड असते आणि वर मॅट. मॅट उचलून दाराजवळ, चाकांच्या वर आणि शेवटच्या सीटखाली स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबावे. टोक सहज आत गेले तर लाकूड कुजले आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सीट कशाला बांधली आहे? बोल्ट खालच्या लोखंडी मेंबरपर्यंत गेला आहे, की नुसत्या प्लायवूडमध्ये स्क्रू मारले आहेत? खालून पाहिले की समजते. जोराचा ब्रेक लागला आणि सीट उपटली, तर सीटसकट मुले पुढे फेकली जातात. प्रत्येक सीट दोन्ही हातांनी हलवून पाहावी. हे काम पालकांनीही करावे.

बाहेर पडण्याची वाट

२४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला संकुलातील आगीत २२ विद्यार्थ्यांचे प्राण गेले. ते दुःख सुरत विसरू शकत नाही. त्या दिवसाने एक गोष्ट शिकवली : बाहेर पडण्याची वाट कागदावर असून चालत नाही, ती उघडावी लागते.

बसचे संकटकालीन दार आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडून पाहावे. ते वेल्डिंगने बंद केलेले नसावे, समोर जादा सीट नसावी, स्टेपनी टेकवलेली नसावी. नंतर बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ते उघडायला सांगावे. त्याला जमले तरच ते दार खरे.

शाळेच्या बसबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिलेल्या आदेशांत खिडक्यांना आडवे गज, भरवशाचे कुलूप असलेली दारे, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि वेगनियंत्रक यांचा समावेश आहे. जुनी बस कामगारांच्या ने-आणीची असेल तर यांतले बरेच नव्याने करावे लागेल. तो खर्च आधीच किमतीत धरावा.

वायरिंग, इंजिन आणि ब्रेक

जुन्या बसमध्ये कोणी पंखे, कोणी गाण्याचा डबा, कोणी रंगीत दिवे बसवलेले असतात. फ्यूजशिवाय ओढलेली, नुसत्या टेपने जोडलेली वायर डिझेलच्या पाइपजवळून जात असेल तर ती आगीची वात समजावी.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे. आपण पोहोचण्यापूर्वीच ते गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. इंजिन गरम झाल्यावरही निळा धूर येत असेल तर ऑइल जळते आहे, आणि पांढरा येतच राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरते आहे. हवेचे ब्रेक असतील तर दाब पूर्ण भरून इंजिन बंद करावे आणि काटा पाहावा. काटा भराभर उतरला तर हवा कोठेतरी गळते आहे.

कागदपत्रे

चासीच्या लोखंडावर ठोकलेला क्रमांक आणि आर.सी. बुकातला क्रमांक अक्षर-अक्षर जुळवावा. फिटनेस, विमा, परमिट, कर आणि बाकी चलने पाहावीत. व्यापारी वाहनाला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांचे आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस घ्यावे लागते. कर्ज असेल तर फॉर्म ३५, नावबदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि बस दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एन.ओ.सी. लागते. फिटनेसचा दाखला असणे आवश्यक आहे, पण वर सांगितलेल्या तपासणीची जागा तो घेऊ शकत नाही.

निर्णय कसा करावा?

दोषांचे तीन गट करावेत. पहिला गट नकाराचा : तडकलेली किंवा कापून जोडलेली चासी, तिरके खांब, पोकळ झालेले लोखंड, न जुळणारा क्रमांक. यांतला एक दोष निघाला तरी बस सोडावी, किंमत कितीही उतरो. दुसरा गट दुरुस्तीच्या अटीचा : प्लायवूड, सीटचे बोल्ट, वायरिंग, ब्रेक, संकटकालीन दार. हे काम पुरे झाल्याशिवाय बसमध्ये एकही मूल बसू नये. तिसरा गट घासाघिशीचा : टायर, बॅटरी, सीट कव्हर, रंग.

पुष्कळदा सौदा तिसऱ्या गटावर होतो आणि पहिल्या गटाकडे कोणी पाहतच नाही. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत किमतीच्या कागदासोबत ही तपासणी लेखी यावी आणि तिच्यावर मेकॅनिकची व दोन पालकांची सही असावी. वाचलेले पैसे सर्वांना दिसतात. न वाकलेला खांब मात्र कोणाला दिसत नाही, तो मागावा लागतो.

स्वाध्याय

१. एका बसच्या दोन आसांमधील अंतर ४२०० मि.मी. आहे आणि मागे बाहेर आलेला भाग २६०० मि.मी. आहे. हे नियमात बसते का? आकडेमोड करून दाखवा.

२. खिडकी ८० सें.मी. रुंद व ६० सें.मी. उंच आहे. तिचा कर्ण किती असावा? मोजल्यावर एक कर्ण १०२ व दुसरा ९८ सें.मी. भरला, तर तुम्ही विश्वस्तांना काय सांगाल?

३. तीन पेल्यांत एकेक लोखंडी खिळा ठेवा : एक कोरड्या झाकणबंद पेल्यात, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात. सात दिवस रोज निरीक्षण लिहा.

४. तुम्ही ज्या बस, व्हॅन किंवा रिक्षाने शाळेत येता, तिचे बाहेर पडण्याचे मार्ग मोजा. त्यांतले किती तुम्हाला स्वतः उघडता येतात, हे घरी आई-वडिलांना सांगा.