परिचारिका की तज्ज्ञ डॉक्टर?

प्रश्न : सुनेचे पहिलेच बाळंतपण, उपकेंद्रातील परिचारिका नेमाने तपासते. तरी तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे काय?

उत्तर : जी प्रशिक्षित परिचारिका पोटावर हात ठेवून गर्भाची स्थिती ओळखते, रक्तदाब व लघवीतील प्रथिने तपासून कार्डावर बिनचूक नोंद करते आणि गर्भिणीची भीती शांतपणे ऐकून घेते, तिची देखरेख निर्वेध गरोदरपणात दुय्यम मानण्याचे, माझ्या मते, काहीच कारण नाही. मात्र रक्तदाब १४०/९० वा त्याहून अधिक भरला, रक्तस्राव झाला, हिमोग्लोबिन ७ ग्रॅमखाली उतरले, किंवा डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर क्षणाचाही विलंब न करता तज्ज्ञांकडे रवाना व्हावे. एरवीही चौथ्या महिन्यानंतर, दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत होणारी डॉक्टरांची मोफत तपासणी चुकवू नये. प्रसूती रुग्णालयातच करावी. वाहनाची तजवीज आजच करून ठेवा.