दुधाच्या दाढेची खोल कीड आणि तिच्यावरील उपचार

दुधाचा दात आज ना उद्या पडणारच, मग त्यावर खर्च कशाला करावयाचा, असा विचार आपल्याकडे पुष्कळ पालक करतात. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण दुधाचे वीसही दात एकाच वेळी पडत नाहीत. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात. मागच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाच्या असतात. म्हणजे पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेला आणखी पाच-सहा वर्षे काम करावयाचे असते.

तोंडातील काही जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि हे आम्ल दाताचे कठीण कवच विरघळवते. दुधाच्या दाताचे हे कवच पातळ असते व आतील मज्जेचा गाभा त्या मानाने मोठा असतो. त्यामुळे कीड मज्जेपर्यंत लवकर पोहोचते. प्रथम गोड किंवा थंड खाल्ल्यावर कळ येते. पुढे मूल रात्री आपोआप दुखण्याने जागे होते. हे मज्जा फार सुजल्याचे लक्षण होय. नंतर एके दिवशी दुखणे थांबते आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. पण दुखणे थांबले याचा अर्थ पुष्कळदा मज्जा मेली, एवढाच असतो. मग मुळाशी पू साठतो, आणि खाली घडत असलेल्या कायमच्या दातालाही त्यामुळे इजा होऊ शकते.

उपचार कोणता करावयाचा हे मज्जेच्या स्थितीवर अवलंबून असते. रोग वरच्या भागापुरताच असेल, तर दाढ बधिर करून तेवढीच मज्जा काढतात. कापसाच्या दाबाने काही मिनिटांत रक्त थांबले, तर मुळांतील मज्जा निरोगी आहे असे समजून तिच्यावर औषधी सिमेंटचा थर देतात. मुळांतील मज्जाही मेली असेल, तर ती काढून मुळे भरावी लागतात. येथे एक खबरदारी आवश्यक असते. दुधाच्या दाताची मुळे पुढे आपोआप झिजून नाहीशी व्हावयाची असतात. म्हणून त्यांबरोबर विरघळेल असेच द्रव्य भरतात. शेवटी ठिसूळ झालेल्या दाढेवर स्टेनलेस स्टीलची टोपी बसवतात. दाढ वाचण्यासारखी नसेल तर ती काढावीच लागते. परंतु रिकामी जागा तशीच राहिल्यास सहाव्या वर्षी उगवणारी कायमची दाढ पुढे सरकते व नव्या दाताची वाट अडते. यासाठी जागा राखणारी तारेची कडी बसवतात.

असे उपचार दंतवैद्यकीय महाविद्यालयांच्या बालदंतचिकित्सा विभागांत होतात. भिलाईला कोहका-कुरुद मार्गावर रुंगटा दंतवैद्यकीय महाविद्यालय आहे, तर नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. कीड मज्जेपर्यंत गेलेली नसेल, तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध लावून ती थोपवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. त्याने किडलेला भाग काळा पडतो, हे मात्र पालकांना आधी सांगावयास हवे.

गालावर सूज व ताप असल्यास एक दिवसही थांबू नये. एरवी दर रात्री दात घासून झाल्यावर मुलाला काहीही गोड न देणे, हा सर्वांत स्वस्त उपाय घरातच उपलब्ध आहे.