ओट्यामागच्या टाइल्स निवडताना

टाइल्सच्या दुकानात माणूस आधी रंग बघतो, मग डिझाइन, मग भाव. घरी आल्यावर मिस्त्री विचारतो, "वरचं कपाट किती उंचीवर येणार?" आणि तिथून गोंधळ सुरू होतो. आपल्याकडच्या स्वयंपाकात फोडणी, तळण आणि हळद रोजचीच. त्यात टाइल सहसा खराब होत नाही, खराब होतात टाइलमधले सांधे. म्हणून निवडीचा क्रम फिरवा: आधी माप, मग टाइलचा आकार, मग सांधा. रंग शेवटी.

मोजायला टेप घेऊन उभे राहा. ओट्याच्या ग्रॅनाइटपासून वरच्या कपाटाच्या तळापर्यंतची उंची साधारण 2 फूट येते. तुमच्याकडे किती ते लिहा. गॅसच्या मागे मात्र कपाट नसतं, तिथे टाइल्स चिमणीच्या खालच्या कडेच्याही थोड्या वर न्याव्या लागतात. तो जास्तीचा तुकडा हिशेबात धरायला सगळेच विसरतात. समजा ओटा एल आकाराचा, 8 फूट आणि 5 फूट. 13 गुणिले 2 म्हणजे 26 चौरस फूट, चिमणीमागचे आणखी 3–4, आणि कापाकापीसाठी वर दहा टक्के. म्हणजे 33 चौरस फुटांच्या आसपास. मिक्सर, पाण्याचा फिल्टर, मायक्रोवेव्ह यांचे पॉइंटही आताच भिंतीवर खडूने मारा. इलेक्ट्रिशियन टाइल्स बसल्यावर आला, तर नवीकोरी टाइल फुटलीच म्हणून समजा.

आता आकार. बाजारात 12 बाय 18 इंची टाइल स्वस्त आणि मुबलक. पण ती 2 फुटांच्या उंचीत उभी लावली की वर 6 इंचांची पट्टी उरते, आणि ती पट्टी जन्मभर डोळ्यांत खुपते. आडवी लावली तर दोन ओळी नीट बसतात. 12 बाय 24 ची टाइल उभी लावली तर एकाच ओळीत काम होतं, मध्ये आडवा सांधाच येत नाही. (ती प्रत्यक्षात 300 बाय 600 मिलिमीटर असते, म्हणजे 2 फुटांना सेंटीमीटरभर कमी. ती फट कपाटाखाली झाकली जाते.) छोट्या विटांसारख्या टाइल्स आणि मोझॅइक फोटोत सुंदर दिसतात, मान्य. ज्यांच्याकडे पुऱ्या सणालाच तळल्या जातात त्यांनी जरूर लावाव्यात. रोज कढई चढणाऱ्या घरात निदान गॅसमागे तरी नकोत; प्रत्येक सांधा म्हणजे तेलाला बसायला पाट.

सांध्यातल्या मालाचे पैसे वाचवू नका. पांढऱ्या सिमेंटने भरलेला सांधा पाणी आणि तेल दोन्ही पितो. त्यावर हळदीचं तेल उडालं की पिवळा डाग पडतो, आणि साबणाचं फडकं फिरवलं की तो लालसर होतो. हळदीला चुना लागला की ती कुंकवासारखी लाल होते, तोच हा प्रकार. साबणातला क्षार चुन्याचं काम करतो. इपॉक्सी ग्राउट तेल शोषत नाही. महाग असतो, पण 30–35 चौरस फुटांना लागणार तो किती! मिस्त्रीला मात्र आधी विचारा, त्याने इपॉक्सी भरलंय का? तो लवकर घट्ट होतो आणि टाइलवर सांडलेला वेळीच पुसला नाही तर चिकटून बसतो. रंग टाइलपेक्षा किंचित गडद घ्या, राखाडी किंवा बदामी.

पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत हवा. खडबडीत, दगडासारख्या दिसणाऱ्या टाइलच्या खाचांत तेल जाऊन धूळ धरतं. खरा संगमरवर लावायची हौस असेल तर लिंबू, चिंच, कोकम यांचे थेंब पडले की त्याची चकाकी जाते, हे लक्षात ठेवा. काचेचा पर्याय देखणा, सांधे जवळजवळ नाहीत; पण गॅसमागे टफन्ड काचच हवी, आणि ती एकदा टफन्ड झाली की कापता किंवा भोकं पाडता येत नाही. त्यामुळे ओटा बसल्यावर, स्विचबोर्डच्या भोकांसकट माप द्यायचं. कप-बशी, द्राक्षांचे घोस छापलेल्या हायलायटरबद्दल माझं मत विचारू नका.

रंगासाठी दोन-तीन नमुने घरी आणा. दुकानातल्या झगझगाटात दिसलेला मोतिया रंग आपल्या ट्यूबलाइटखाली निळसर दिसू शकतो. नमुना ओट्यावर भिंतीला टेकवून सकाळी बघा, रात्री बघा, शेजारी ग्रॅनाइट आणि कपाटाच्या लॅमिनेटचा तुकडा ठेवून बघा. तेलात हळद कालवून त्यावर रात्रभर राहू द्या आणि सकाळी ओल्या फडक्याने पुसा. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा. मध्ये फट दिसली किंवा त्या डुगडुगल्या तर बाक आहे, दुसऱ्या बघा.

ऑर्डर एकाच वेळी द्या. माल आला की मिस्त्रीने हात लावण्याआधी प्रत्येक पेटीवरचा बॅच आणि शेड नंबर जुळवा. व्हिट्रिफाइड टाइल असेल तर नुसत्या सिमेंटवर भरवसा नको, ती पाणी फारच कमी शोषते. टाइल ॲडहेसिव्हच आणा. मिस्त्रीला सांगून ठेवा की अख्खी टाइल गॅसच्या मागे, कापलेले तुकडे फ्रिजच्या कोपऱ्यात. ग्रॅनाइट आणि टाइल यांच्या सांध्यात सिमेंट नको, सिलिकॉन भरायचं. उरलेल्या पाच-सहा टाइल्स पेटीच्या लेबलसकट माळ्यावर ठेवा; पुढे नळाची लाइन फोडायची वेळ आली तर तीच शेड दुकानात मिळेलच असं नाही.