मुलांना कोर्टात बसू द्या

पालकहो, बारावीनंतर मुलगा किंवा मुलगी पाच वर्षांच्या एलएल.बी.ला गेली की घरात बोलणं होतं ते सीईटीच्या गुणांचं, कॉलेजच्या नावाचं आणि फीचं. पुढे हजेरी आणि परीक्षा. या सगळ्यात अभ्यासक्रमाचा एक भाग बाजूला पडतो, आणि नेमका तोच तुमच्या साथीशिवाय नीट होत नाही. मी तो भाग शिकवते, म्हणून आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलते आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे चार विषय प्रात्यक्षिकाचे आहेत: मसुदालेखन, वकिलीची नीती, तंटे कोर्टाबाहेर मिटवण्याच्या पद्धती, आणि अभिरूप न्यायालयासह इंटर्नशिप. मसुदालेखनात दावा, कैफियत, जामीन अर्ज असे किमान 15 मसुदे लिहायचे; खरेदीखत, मृत्युपत्र, भाडेकरार असे आणखी 15 दस्त. एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बसून पाहायचा. वकील पक्षकाराला काय विचारतो, कसं विचारतो, हे दोन वेळा जवळून पाहून डायरीत नोंदवायचं. शिवाय पाच वर्षांत मिळून किमान 20 आठवडे इंटर्नशिप.

कागदावर हे सगळं नेटकं आहे. अडचण पुढे येते. आदल्या वर्षीच्या मुलांची जर्नलं हातोहात फिरतात आणि 15 मसुदे एका रात्रीत उतरवून होतात. इंटर्नशिपचं तर विचारूच नका. घरातलं कोणी ओळखीच्या वकिलांना फोन करतं, लेटरहेडवर सहीशिक्क्यासह प्रमाणपत्र मिळतं आणि मूल महिनाभर घरीच असतं. हा फोन बहुतेक वेळा आई किंवा वडील करतात, प्रेमापोटीच करतात. लेकराला उन्हातान्हात कशाला पाठवायचं, त्यापेक्षा परीक्षेचा अभ्यास करेल, असं वाटतं. माझी हात जोडून विनंती आहे, हा फोन करू नका. फोन करायचाच तर असा करा: "साहेब, हा रोज वेळेवर येईल. बसवून घ्या, काम सांगा, चुकला तर रागवा."

त्या महिन्यात मुलाला काय मिळतं ते सांगते. तालुक्याच्या कोर्टात तो बाकावर बसतो. पुकारा होतो, पक्षकार धावत येतो, वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात अडकलेले असतात, पुढची तारीख पडते. पहिले दोन-तीन दिवस तो कंटाळतो, घरी येऊन म्हणतो की तिथे काहीच होत नाही. त्याला टिकवून धरायचं ते इथेच, आणि ते फक्त तुम्हीच करू शकता. मग त्याला खटल्याच्या रोजच्या कामकाजाची नोंद, म्हणजे रोजनामा, वाचता येऊ लागतो. तात्पुरत्या मनाईचं कलम त्याने पुस्तकात पाठ केलेलं असतं. इथे निशाणी 5 चा, म्हणजे त्याच मनाईचा, अर्ज चालताना त्याला दिसतं की बांध उद्या फुटणार असेल तर वकिलाला आजच का उभं राहावं लागतं. उलटतपासात विचारायला नको होता असा एकच जादा प्रश्न विचारला जातो आणि साक्षीदार सगळं सावरून घेतो. हे पाहिलेलं मूल तो धडा जन्मभर विसरत नाही. मी वर्गात कितीही जीव तोडून सांगितलं तरी ते इतकं खोल जात नाही.

इंग्रजीची धास्ती घेतलेल्या पालकांना एक सांगते. तालुक्याच्या कोर्टात साक्षी मराठीत होतात. सातबारा, आठ अ, फेरफार, पंचनामा, सगळं मराठीत. इंग्रजी शाळेतली कितीतरी हुशार मुलं इथे अडखळतात. उच्च न्यायालयात इंग्रजी हवंच, त्याला पर्याय नाही. पण ज्याला फेरफाराची नोंद वाचता येते तो जमिनीच्या दाव्यात पहिल्याच दिवसापासून उपयोगी पडतो.

नियोजनात मात्र लक्ष घाला. मे महिन्यात मुलांना सुटी, आणि दिवाणी न्यायालयांनाही सुटी; तेव्हा रिमांड, जामीन आणि तातडीचं कामच काय ते चालतं. म्हणून मे महिना वकिलांच्या ऑफिसात मसुदे शिकायला किंवा एखाद्या संस्थेत काम करायला ठेवा, आणि सत्रपरीक्षेनंतर कोर्ट भरलेलं असताना जे आठवडे मिळतील ते कोर्टासाठी राखा. वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त इंटर्नशिप धरली जात नाही, त्यामुळे शेवटच्या वर्षी सगळं उरकू हा हिशेब जुळत नाही.

आता थोडं घरातलं. मूल तिसऱ्या वर्षाला आलं की भावकीतले वाद त्याच्यापुढे ठेवले जातात. "आपलाच वकील आहे, नोटीस लिहून देईल." तो अजून वकील नाही. सनद मिळेपर्यंत त्याला कोणाची बाजू मांडता येत नाही, सल्ला देण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकू नका. आणि तो ऑफिसातून आला की कोणाची केस होती, कोणाच्या घरात काय झालं, हे विचारू नका. गाव लहान असतं, नावं ओळखीची निघतात. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं बाहेर न जाऊ देणं हे कायद्याने वकिलावर बंधन आहे, आणि त्याची सवय आत्ताच लागायला हवी. त्याने "सांगता येणार नाही" म्हटलं तर ते उद्धटपणाचं समजू नका.

मुलींच्या पालकांना काळजी असते, ती मला समजते. पहिल्या दिवशी सोबत जा, ऑफिस पाहा, वेळा ठरवून घ्या. पण फौजदारी बाजू मुलीला नको, असं तुम्ही ठरवू नका. पोलीस ठाण्यात किंवा साक्षीच्या पिंजऱ्यात जी बाई घाबरून उभी असते, तिला तुमची मुलगी तिथे हवी आहे.

अशा बाईला कायद्याचाही आधार आहे: विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987. त्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कामगार आणि कोठडीतली माणसं यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. गावोगावी हे माहीत नसतं. कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रातून मुलं जातात, अर्ज भरून देतात, तालुका विधी सेवा समितीची वाट दाखवतात. रविवारी सकाळी अशा शिबिराला मूल निघालं तर डबा बांधून द्या, अडवू नका.

पैशाचंही स्पष्ट बोलू. पदवीनंतर सनद, ऑल इंडिया बार परीक्षा, आणि ज्युनियर म्हणून सुरुवात. बार कौन्सिलने 2024 मध्ये ज्युनियरना शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये मासिक विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. न्यायाधीश व्हायचं असलं तरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे पदवीनंतरची दोन-तीन वर्षं घरून आधार द्यावा लागेल असं धरूनच आज खर्चाचा मेळ घाला, आणि शेजारच्या इंजिनिअर मुलाच्या पहिल्या पगाराशी तुलना करू नका. ज्याने 20 आठवडे खरोखर केले आहेत, त्याला ज्युनियर म्हणून ठेवून घेणारा सीनियर लवकर भेटतो.

पुढच्या पालकसभेला याल तेव्हा हजेरीचा तक्ता पाहाच. पण त्याबरोबर विचारा: मसुदालेखन शिकवायला प्रत्यक्ष वकिली करणारं कोणी किंवा निवृत्त न्यायाधीश येतात का? विधी साहाय्य केंद्र कोणत्या गावात जातं, शेवटचं कधी गेलं होतं? डायरी कोण तपासतं? उत्तर गुळमुळीत मिळालं तर पुन्हा विचारा, माझ्या कॉलेजातही विचारा. पालक विचारू लागले की आम्हा शिक्षकांनाही केंद्रासाठी गाडी आणि वेळापत्रकात मोकळा दिवस मागायला बळ मिळतं.